घरच्या रेकॉर्डिंगसाठी जुनं टेप मशीन की नवा इंटरफेस? खरेदीआधी तपासायच्या गोष्टी

जुन्या अ‍ॅनालॉग सामानात दोन जाती असतात. खरेदीला निघण्याआधी त्या वेगळ्या करून घ्याव्यात. एक फिरणारं सामान : कॅसेट डेक, चार ट्रॅकचं (ट्रॅक म्हणजे स्वतंत्रपणे भरता येणारा आवाजाचा पट्टा) कॅसेट मशीन, स्पूलचा टेपरेकॉर्डर. दुसरं न फिरणारं : माइक, प्रीअ‍ॅम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग), मिक्सर. शुअर कंपनीचा एसएम५८ हा माइक १९६६ पासून बनतो आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा, न आपटलेला असा एक माइक आजही नव्याच्या शेजारी ठेवून बिनदिक्कत वापरता येतो. त्याच वयाचं टेप मशीन मात्र दुरुस्तीशिवाय धड चालेल अशी आशा धरू नये. त्यातले रबरी पट्टे सैल पडतात किंवा डांबरासारखे चिकट होतात, कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) वाळतात, हेड म्हणजे फितीवर आवाज लिहिणारा-वाचणारा चुंबकीय भाग झिजतो.

म्हणून ‘जुनं की नवं’ हा प्रश्न सगळ्या सामानाला एकदम लावू नये. आमचा सल्ला सरळ आहे. आवाज साठवायचं काम पहिल्या दिवसापासून डिजिटलवर, म्हणजे लॅपटॉप आणि माइकचा आवाज त्यात नेणारा इंटरफेस यांवर करा. माइक किंवा मिक्सर चांगल्या अवस्थेत मिळाला तर खुशाल जुना घ्या. टेप मशीन घ्यायचंच असेल तर ते दुसऱ्या टप्प्यात, आपल्याला त्याच्याकडून नेमकं काय हवंय हे कळल्यावर घ्या.

आधी काय रेकॉर्ड करणार ते ठरवा

गिटार, ड्रम आणि गाणं अशा संगीतात टेपचा वेग किंचित डळमळला तरी कान ते खपवून घेतो, कधी त्यालाच गोडवा म्हणतो. तानपुरा आणि पेटीचं तसं नाही. तानपुऱ्याचा सूर सतत चालू असतो आणि पेटीचा स्वर दाबून धरला की तो सरळ रेषेसारखा उभा राहतो. टेपचा वेग सेकंदात चार-पाच वेळा सूक्ष्म थरथरला तर त्या सरळ रेषेवर थरथर लगेच ऐकू येते. षड्ज लटपटतो. घरच्या टेप मशीनची याहून कडक परीक्षा घेणारं संगीत क्वचितच असेल. भावगीत, अभंग, नाट्यपद, ख्याल यांपैकी काही रेकॉर्ड करायचं असेल, तर टेपच्या गोडव्याआधी टेपचा स्थिर वेग तपासायला हवा.

वेगातली कायमची चूक ही वेगळी गोष्ट. वेग १ टक्का चुकला तर सूर १७ सेंट सरकतो. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले, तर पेटीशी तुलना करताना १७ सेंटचा फरक जाणकार कानाला सहज बोचतो. गंमत म्हणजे ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं त्यावरच ऐकलं तर ही चूक मुळीच कळत नाही, कारण रेकॉर्ड करताना आणि वाजवताना वेग सारखाच चुकलेला असतो. ती उघडी पडते ती दुसऱ्या मशीनवर वाजवताना, किंवा टेपवरच्या गाण्यासोबत प्रत्यक्ष पेटी धरल्यावर.

टेप काय करते आणि डिजिटल काय करतं

टेपवर आवाज चुंबकीय कणांत साठतो. लेव्हल म्हणजे आवाजाची पातळी वाढवत नेली की कण हळूहळू तृप्त होतात, उंच टोकं आपोआप दबतात आणि थोडे जादा हार्मोनिक्स म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर मिसळतात. ज्याला लोक ‘ऊब’ म्हणतात ती बरीचशी हीच. किंमत म्हणून सोबत हिस म्हणजे सततची सळसळ येते. नॉइज रिडक्शन (हिस दाबणारी सोय) नसलेल्या कॅसेटवर आवाज आणि हिस यांच्यात साधारण ५० ते ५५ डीबी (डेसिबल) अंतर मिळतं. १६ बिटच्या डिजिटलमध्ये हे अंतर सुमारे ९६ डीबी असतं. २४ बिटमध्ये कागदावर १४४ असलं तरी चांगल्या इंटरफेसमध्ये प्रत्यक्षात ११० ते १२० मिळतं.

डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि मधल्या फटींत काहीतरी हरवतं, हा समज चुकीचा आहे. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेल्या आवाजाच्या नमुन्यांतून सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतची लहर सलगपणे परत उभी राहते. इंटरफेसमधून बाहेर पडणारा सिग्नल गुळगुळीतच असतो. डिजिटल रेकॉर्डिंग ‘कोरडं’ वाटलं तर बहुतेक वेळा दोष खोलीचा, माइकच्या जागेचा किंवा लाल दिवा लागेपर्यंत चढवलेल्या लेव्हलचा असतो.

डिजिटल जोडणी

पैशांचे दहा भाग करा. तीन इंटरफेसला, तीन माइकला, दोन हेडफोनला, एक स्टँड-केबलला आणि एक खोलीला. नवखे लोक सगळा पैसा पहिल्या दोनांत घालतात आणि खोलीचा भाग विसरतात. हेच सर्वांत महाग पडतं.

इंटरफेस निवडताना माइकच्या इनपुटची संख्या मोजा. एकटा गाणारा असेल तर फोकसराइट स्कार्लेट २आय२, मोटू एम२ किंवा बेहरिंगर यूएमसी२०२एचडी यांपैकी कोणताही दोन माइकचा इंटरफेस पुरतो. गाणं, पेटी आणि तबला एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर हवे असतील तर चार माइक प्रीअ‍ॅम्प लागतात. इथे नावावर जाऊ नका. स्कार्लेट ४आय४ मध्ये चार इनपुट आहेत, पण माइकसाठी दोनच आणि उरलेले दोन लाइनचे, म्हणजे कीबोर्ड-मिक्सरसारख्या आधीच जोरकस सिग्नलचे. बेहरिंगरच्या यूएमसी४०४एचडीमध्ये मात्र चारही माइकचे आहेत. डब्यावर ‘माइक प्रीअ‍ॅम्प’ किती लिहिलेत तेच वाचा.

माइक कोणता? खोली शांत आणि कपड्या-गाद्यांनी भरलेली असेल तर कंडेन्सर म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माइक, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निका एटी२०२० किंवा रोड एनटी१. त्यांना इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर द्यावी लागते. खाली रस्ता, शेजारी कुकरच्या शिट्ट्या आणि घरात चकचकीत टाइल्स असतील तर एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरून चांगलं काम देतो, कारण तो लांबचा आवाज कमी घेतो. शुअर एसएम७बी पॉडकास्टमुळे लोकप्रिय झाला आहे, पण त्याला सुमारे ६० डीबी गेन (माइकचा सिग्नल वाढवणं) लागतं. स्वस्त इंटरफेस तिथे कमी पडतो आणि नॉब टोकाला नेल्यावर सळसळ येते. तो पहिला माइक म्हणून घेऊ नये.

हेडफोन बंद पाठीचे आणि वायरचे घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज इतका उशिरा पोचतो की त्यावर गाणं अशक्य होतं.

लॅपटॉपवर रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं. मॅकवर गॅरेजबँड फुकट मिळतं. मग या क्रमाने चला :

१. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि लॅपटॉप जोडणारं सॉफ्टवेअर) आधी टाका. त्याशिवाय आवाज अडखळतो किंवा उशिरा येतो.

२. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी जागा लागते, म्हणजे चार ट्रॅकच्या एका तासाला सुमारे २ जीबी. याहून मोठे आकडे निवडून घरच्या खोलीत ऐकू येण्यासारखा फायदा होत नाही.

३. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ नमुन्यांवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला ते एका दिशेने २.७ मिलिसेकंद होतात. टकटक आवाज येऊ लागले तर २५६ करा आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज इंटरफेसच्या ‘डायरेक्ट मॉनिटर’मधून ऐकवा, म्हणजे उशिराचा प्रश्नच उरत नाही.

४. गाणाऱ्याला गाण्यातला सर्वांत चढा भाग गायला सांगा. ‘माइक टेस्ट, एक-दोन’वर लेव्हल ठरवू नका. तारसप्तकातली जागा उणे १० डीबीच्या आसपास आणि सरासरी उणे १८ च्या जवळ राहील इतकंच गेन द्या. तबल्याची थाप अचानक उसळते, तिला आणखी मोकळी जागा ठेवा. शून्याला टेकलेला आवाज डिजिटलमध्ये फाटतो आणि तो परत शिवता येत नाही. कमी लेव्हलवर घेतलेला २४ बिटचा आवाज मात्र नंतर वाढवला तरी बिघडत नाही.

५. काम संपल्यावर तीन प्रती करा. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर.

खोली आणि माइकची जागा

खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. ‘झिंग’ असा धातूसारखा शेपटा ऐकू आला तर ती भिंत किंवा फरशी झाका. जमिनीवर सतरंजी, गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या, बाजूला कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट एवढ्यानेच बराच फरक पडतो. गोधडी गाणाऱ्याच्या मागे हवी, माइकच्या मागे नव्हे, कारण कार्डिऑइड माइक (समोरचा आवाज जास्त, मागचा कमी घेणारा) समोरून येणारा परावर्तित आवाजच जास्त घेतो. अंड्यांचे पुठ्ठे चिकटवण्यात वेळ घालवू नका, ते फक्त वरचे स्वर थोडे शोषतात. पंखा बंद, फ्रिजचं कॉम्प्रेसर थांबलेलं, मोबाइल विमान मोडवर.

गाण्याला माइक १५ ते २५ सेंटिमीटरवर, तोंडाच्या किंचित वर, खाली झुकवलेला आणि मध्ये पॉप फिल्टर. असं केल्याने ‘प’, ‘भ’, ‘फ’ची हवा थेट आदळत नाही. पेटीला ३० ते ५० सेंटिमीटरवरून, पट्ट्यांच्या वरून पण भात्यापासून दूर रोखा, नाहीतर भात्याचा खुळखुळाट सुरांइतकाच येईल. तबला-डग्ग्याला एकच माइक असेल तर दोघांच्या मध्ये, पुडीपासून ४० ते ५० सेंटिमीटर वर. डग्गा कमी वाटला तर माइक त्याच्या बाजूला चार बोटं सरकवा. तानपुऱ्याची जवारी घोडीपाशी बोलते, तेव्हा तिथून २० ते ३० सेंटिमीटर.

दोन माइक एकदम उघडे असतील तर त्यांच्यातलं अंतर, माइक ते वाद्य या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा. नाहीतर एकच थाप दोन ठिकाणी थोड्या वेळाच्या फरकाने पोचते आणि मिसळल्यावर आवाज पोकळ होतो. मिक्समध्ये तबला अचानक पातळ वाटला तर आधी हेच तपासा, इक्वलायझरला हात लावू नका.

सलग गुणगुण येत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची असते. दोन पिनांचा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगचा. सगळं सामान एकाच बोर्डवरून, तीन पिनांच्या आणि खरंच अर्थिंग असलेल्या सॉकेटवरून चालवा. अर्थची पिन कापून गुणगुण घालवण्याचा उपाय काही जण सांगतात. तो जिवावर बेतू शकतो, करू नका.

टेपच हवी असेल तर

टेपवर काम करण्याची ओढ खरी असते. थोडेच ट्रॅक, परत परत न दुरुस्त करता येणारं गायन, आणि त्यातून येणारा ठामपणा ही कामाची वेगळी रीत आहे आणि तिचा आम्हाला आदर आहे. फक्त डोळे उघडे ठेवून घ्या.

कॅसेटवरचं चार ट्रॅकचं पहिलं मशीन म्हणजे टीअ‍ॅक कंपनीचं १९७९ मधलं टॅस्कॅम पोर्टास्टुडिओ १४४. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंचे मिळून चार ट्रॅक ते एकाच दिशेने वापरतं आणि टेप ४.७६ ऐवजी ९.५ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने चालवतं. त्यामुळे ९० मिनिटांच्या कॅसेटवर सुमारे २२ मिनिटंच मिळतात आणि दुसरी बाजू वापरताच येत नाही. ही कॅसेट घरच्या डेकमध्ये घातली तर दोन ट्रॅक अर्ध्या वेगाने आणि उरलेले दोन उलटे ऐकू येतात. मशीन बिघडलं असं समजू नका. या मशीनना टाइप टू म्हणजे क्रोम कॅसेट लागते. आज नव्याने बनणाऱ्या कॅसेट बहुतेक टाइप वनच्या आहेत, त्यामुळे टाइप टूसाठी जुना न उघडलेला साठा शोधावा लागतो. १२० मिनिटांची कॅसेट घेऊच नका. तिची फीत इतकी पातळ असते की चाकात गुंडाळली जाते.

स्पूलच्या मशीनमध्ये नवखे सर्वांत जास्त एका गोष्टीत फसतात. घरगुती मशीनवर ‘४ ट्रॅक स्टीरिओ’ असं ठळक लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एकाच वेळी चार ट्रॅक असा नाही. फितीच्या रुंदीत चार पट्टे आहेत, त्यातले दोन जाताना आणि दोन स्पूल उलटल्यावर वापरायचे, एवढाच. खऱ्या मल्टिट्रॅकवर, उदाहरणार्थ टीअ‍ॅक ए-३३४०एस वर, चारही एका दिशेने चालतात आणि आधीचा ट्रॅक रेकॉर्ड हेडवरूनच ऐकता येतो. ही सोय नसेल तर ऐकायचं हेड रेकॉर्ड हेडच्या पुढे असल्याने आवाज उशिरा येतो. दोन हेडमध्ये ३ सेंटिमीटर अंतर धरलं तर १९ सेंटिमीटर वेगाला तो उशीर सुमारे ०.१६ सेकंद होतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत ही अर्ध्या मात्रेहून जास्त चूक आहे. अशा मशीनवर आधीच्या ट्रॅकशी जुळवून दुसरा ट्रॅक घेता येणार नाही.

बघायला जाताना बरोबर न्या : चांगली कॅसेट किंवा स्पूल, हेडफोन आणि त्याला लागणारा मोठ्या पिनेचा कन्व्हर्टर, बॅटरी (टॉर्च), कापूस गुंडाळलेल्या काड्या, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, फोनमधून लाइन इनपुटला जाणारी वायर, आणि फोनवर ठराविक फ्रीक्वेन्सीचा सूर देणारं अ‍ॅप.

मशीन चालू करण्याआधी मागची पाटी वाचा. जपानसाठीचं मशीन १०० व्होल्टचं, अमेरिकेचं ११७ ते १२० व्होल्टचं असतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण विजेची ५० हर्ट्झ फ्रीक्वेन्सी बदलत नाही. जुन्या मशीनची एसी सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झसाठी असेल, तर ती आपल्याकडे सहापैकी पाच भाग वेगानेच फिरेल आणि सूर ३१६ सेंटने म्हणजे तीन अर्ध्या स्वरांहून थोडा जास्त उतरेल. बरोबर वेगाने भरलेलं काळी चारचं गाणं त्यावर पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येईल. काही मशीनमध्ये ५०-६० हर्ट्झचा खटका किंवा बदलण्याची पुली असते. रेव्हॉक्स ए७७ सारख्या सर्वो मोटरच्या (आपला वेग आपणच सांभाळणाऱ्या) आणि डीसी मोटरच्या मशीनना ही अडचण नाही. ‘ट्रान्सफॉर्मर देतो, चालेल’ या उत्तरावर पैसे देऊ नका.

मग या पायऱ्या :

१. हेड बॅटरीच्या उजेडात पाहा. फितीच्या रुंदीएवढी खोल, कडा असलेली खाच पडली असेल तर हेड संपलं. ते बदलायला मिळणं अवघड असतं, त्यामुळे मशीन सोडून द्या.

२. फीत ओढणारं रबरी चाक पाहा. ते चकचकीत, तडे गेलेलं किंवा बोटाला चिकटणारं नको.

३. पुढे आणि मागे पूर्ण गुंडाळून पाहा. शेवटी वेग मंदावला तर पट्टा सैल आहे. पट्टा स्वस्त असतो आणि बदलता येतो, त्या प्रमाणात किंमत पाडून घ्या.

४. फोनवरून ३००० हर्ट्झचा सूर एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. थोडी थरथर असणारच. ती मोठी असेल, सूर ओला झाल्यासारखा वाटत असेल, तर पुढे जाऊ नका. मग तानपुऱ्याच्या अ‍ॅपचा सूर घेऊन तसंच करा.

५. प्रत्येक ट्रॅक वेगळा रेकॉर्ड करा आणि वेगळा ऐका. एक ट्रॅक मंद किंवा बोथट असेल तर हेड घाणेरडं आहे का ते आधी पुसून पाहा.

६. भरलेल्या जागेवर पुन्हा शांतता रेकॉर्ड करा. जुना आवाज खाली उरला तर इरेज हेड किंवा त्याचं सर्किट बिघडलेलं आहे.

७. नॉब फिरवताना खरखर येणं किरकोळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरने ती जाते.

८. तासभर चालू ठेवा. गरम झाल्यावरच दिसणारे दोष यातच कळतात. जळका वास आला तर ताबडतोब प्लग काढा. युरोपियन मशीनमध्ये रिफा कंपनीचे पिवळसर, तडे गेलेले कपॅसिटर असतात. ते धूर सोडून फुटतात. घरी आणल्यावर सर्वांत आधी ते बदलून घ्या.

दुरुस्ती कोण करणार, हे मशीन घ्यायच्या आधी ठरलेलं हवं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत पट्टे, कपॅसिटर, पिना मिळतात, पण टेपची अलाइनमेंट (हेडचा कोन आणि लेव्हल जुळवणं) जमणारा कारागीर वेगळा शोधावा लागतो. तो मिळाला नाही तर मशीन कितीही स्वस्त असो, घेऊ नका. पट्टा मागवताना जुन्याचा आतला घेर दोऱ्याने मोजा आणि तो ताणलेला असतो म्हणून सुमारे ५ टक्के लहान घ्या.

स्पूलची फीत कायम नवी घ्या. ती फ्रान्समध्ये आरटीएम आणि अमेरिकेत एटीआर मॅग्नेटिक्स आजही बनवतात. १९७०-८० च्या दशकातली अँपेक्स ४५६ सारखी वापरलेली फीत स्वस्तात मिळाली तरी नको. तिच्यातलं चिकटद्रव्य हवेतला दमटपणा शोषून सुटू लागतं, फीत किंचाळते आणि हेडवर तपकिरी राळ बसते. फितीचा हिशेबही आधीच करा. २५०० फुटांचं मोठं स्पूल ३८ सेंटिमीटर वेगाला फक्त ३३ मिनिटं पुरतं.

लेव्हल ठरवण्याची रीत डिजिटलच्या उलट. हिसच्या वर राहण्यासाठी मशीनच्या काट्याच्या (व्हीयू) मीटरवर गाणं शून्यापर्यंत, चढ्या जागी अधिक ३ पर्यंत जाऊ द्या. तबल्याला मात्र हे लावू नका. व्हीयूचा काटा पूर्ण उठायला ३०० मिलिसेकंद घेतो आणि चाटीवरची थाप त्याआधीच संपलेली असते. काटा उणे ६ दाखवत असताना फीत खरं तर भरलेली असते. डीबीएक्स नावाचं नॉइज रिडक्शन लावून रेकॉर्ड केलं असेल तर ऐकतानाही तेच लावावं लागतं. कॅसेटवर ते लिहून ठेवा.

रोज सुरू करण्याआधी हेड आणि धातूचा कॅपस्टन (फीत ओढणारा दांडा) अल्कोहोलने पुसा. रबरी चाकाला अल्कोहोल वारंवार लावू नका, ते कडक होतं. सौम्य साबणाच्या पाण्याने ओला केलेला कपडा पुरतो. दर ३० ते ५० तासांनी हेड डीमॅग्नेटाइझ करा, म्हणजे त्यात साठलेलं चुंबकत्व काढा. मशीन बंद ठेवा, फिती दुसऱ्या खोलीत न्या, डीमॅग्नेटायझर एक मीटरवर सुरू करा, सावकाश जवळ आणा, हेडवरून हळू फिरवा, तितक्याच सावकाश एक मीटर मागे नेऊन मग बंद करा. हेडजवळच बंद केला तर हेड उलट जास्त चुंबकित होतं.

दोन्ही जोडून

बहुतेक घरांत हाच मार्ग सर्वांत कमी खर्चाचा आणि कमी डोकेदुखीचा ठरतो. सगळं डिजिटलवर रेकॉर्ड करा, आणि हवा तो ट्रॅक किंवा तयार मिक्स इंटरफेसच्या आउटपुटमधून टेपवर पाठवून परत आत घ्या. तानपुरा आणि पेटी यातून वगळा. तबला, डग्गा आणि कधी कधी आवाज यांना टेपचा दाब छान बसतो. परत आलेला ट्रॅक मूळ ट्रॅकसोबत मिसळू नका. वेग किंचित वेगळा असल्याने दोन्ही घसरत जातात आणि आवाज सूं-सूं असा घोंघावतो. मूळ ट्रॅक म्यूट करा, सुरुवात हाताने जुळवा, लांब गाणं असेल तर दर मिनिटाला पुन्हा जुळवा.

जुन्या सामानाचा आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचा) आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडा, माइकच्या नव्हे. घरगुती उणे १० आणि व्यावसायिक अधिक ४ या लेव्हलमध्ये सुमारे १२ डीबी फरक असतो. आवाज मंद आला तर सामान बिघडलेलं नसतं, गेन तेवढं वाढवायचं असतं.

चार ट्रॅकची जुनी कॅसेट संगणकात घ्यायची असेल तर चार इनपुटचा इंटरफेस भाड्याने का होईना, मिळवा. दोन-दोन ट्रॅक वेगवेगळ्या वेळी घेतले तर ते एकमेकांशी कधीच पूर्ण जुळत नाहीत, कारण प्रत्येक वेळी टेपचा वेग थोडा वेगळा असतो.

जुनं डिजिटल नको

१९९२ पासून विकलेलं अलेसिस अ‍ॅडॅट किंवा फायरवायर या जुन्या जोडणीचे इंटरफेस कमी किमतीत दिसतात. अ‍ॅडॅट आठ ट्रॅक १६ बिटमध्ये एस-व्हीएचएस व्हिडिओ टेपवर लिहितं, म्हणजे झिजणारं यंत्र आहेच, टेपचा गोडवा मात्र नाही. फायरवायर नव्या लॅपटॉपला जोडताच येत नाही आणि ड्रायव्हरही मिळत नाहीत. कोणीतरी फुकट दिलं तरी जागा अडवेल.

पावसाळ्यातली काळजी

कोकण, गोवा आणि मुंबईत जून ते सप्टेंबर फिती आणि कंडेन्सर माइक दोघांचाही कसोटीचा काळ. फितीच्या कडेला पांढरट बुरशी दिसली तर ती मशीनवर चढवू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक फितीला लागते. कंडेन्सर माइकमध्ये दमटपणा गेला की टपटप, फसफस असा आवाज येतो. कोरड्या जागी एक दिवस ठेवल्यावर तो बहुधा थांबतो.

घट्ट झाकणाचे दोन डबे घ्या, एक फितींना आणि एक माइकला. प्रत्येकात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा. आत ४० ते ५० टक्के आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटर ठेवला तर अंदाज घ्यावा लागत नाही. रंग उतरला की दाणे ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून गार झाल्यावर परत भरा. स्पूल उभे ठेवा, आडवे रचू नका, आणि वाजवून झाल्यावर उलट न गुंडाळता तसेच, फितीचा शेवट बाहेरच्या बाजूला राहील असे ठेवा. असं ठेवलं की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटला तरी तो मूळ आवाजाच्या मागून येतो आणि गाण्यातच लपतो.